अंग पाहून अंथरूण

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. आजवर या सभेत मी फार तर आभार मानायला उभी राहिले असेन. पण चिटणीसबाईंनी आग्रहच धरला की, "तुम्ही दोनदा तंबूत राहून आला आहात, तर तंबूतल्या झोपण्याच्या सोयीविषयी तुम्हीच सांगा." त्यांचा शब्द मोडवेना. तेव्हा जे अनुभवले तेच सांगते. चूकभूल पदरात घ्यावी.

हा विषय का निघाला ते आधी सांगते. येत्या डिसेंबरात आपल्या मंडळाची सहल भंडारदऱ्याला जायची आहे आणि दोन रात्री तलावाकाठी तंबूत राहायचे ठरले आहे. पहिल्या दिवशी यादीत सव्वीस नावे लागली. दुसऱ्या दिवशी चौघींनी नावे काढून घेतली. एकीने नातवाची परीक्षा सांगितली, एकीने पाहुणे सांगितले. पण सभा संपल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून त्या जे बोलल्या ते माझ्या कानांनी ऐकले. "आम्ही अशा अंगाने जाड. जमिनीवर पडलो तर उठायचे कसे? आणि त्या एवढ्याशा तंबूत शेजारणीला जागा तरी उरेल का?" असे म्हणून त्या हसल्या. मीही हसले. पण घरी गेल्यावर मला चैन पडेना, कारण दोन वर्षांपूर्वी नेमकी हीच गत माझी झाली होती.

मी त्यांची नावे घेणार नाही. माझेच सांगते. माझे वजन ९१ किलो आहे. हे मी सगळ्यांसमोर बोलते आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. आमच्या ह्यांचे वजन १०४ किलो. म्हणजे आमच्या घरात दोघांत मिळून दोन क्विंटलला पाच किलो कमी! आता एवढ्या वजनाची दोन माणसे एका लहान तंबूत कशी झोपली, ते ऐका.

२०२३ च्या डिसेंबरात माझ्या भाच्याने आम्हांला भंडारदऱ्याला नेले. आपण नाशिकची माणसे. घोटीवरून गेले की दोन तासांत पोहोचतो. प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण, त्याच्या मागे पसरलेला तो मोठा जलाशय आणि पलीकडे कळसूबाईचे शिखर. १६४६ मीटर उंचीचे, आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच. संध्याकाळी पाण्यावर उन्हे उतरली तेव्हा वाटले, इतकी वर्षे आपण हे का पाहिले नाही?

भाच्याने आम्हां दोघांसाठी आपला तंबू दिला. "मामी, हा तिघांचा आहे, तुम्ही दोघे ऐसपैस झोपाल," म्हणाला. ह्यांनी दुकानातून हवा भरायची एक जोडगादी आणली होती. दुकानदाराने सांगितले होते की घरच्या पलंगासारखी झोप लागेल. फुगवली तेव्हा दिसायला छान दिसली. वर चादर घातली, उशा ठेवल्या. मी म्हटले, "अहो, हे तर घरच्यापेक्षा बरे!"

रात्री दहाला आम्ही आडवे झालो आणि तिथून फजितीला सुरुवात झाली. ह्यांचे वजन जास्त, म्हणून गादीची त्यांची बाजू खाली दबली आणि मी उतारावरून घरंगळल्यासारखी त्यांच्या अंगावर गेले. त्यांनी कूस बदलली की मी वर उडायची. मी कूस बदलली की ते जागे व्हायचे. जसजशी रात्र वाढली तसतशी पाठीखालून थंडी चढू लागली. अंगावर दोन रग होते, पण पाठ बर्फासारखी गार. पहाटेपर्यंत गादी इतकी मऊ पडली की माझे कुल्ले जमिनीला टेकले. भोक पडले म्हणावे तर तसे काही नव्हते. गार पडली की हवा आकसते, म्हणून संध्याकाळी टणक वाटलेली गादी पहाटे सैल पडते, हे मला मागाहून भाच्याने सांगितले.

पण सर्वांत वाईट गोष्ट वेगळी. रात्री अडीचच्या सुमारास मला बाहेर जावेसे वाटले. उठायला हात टेकावा तर हवेची कड हाताखाली बसते आणि आपण परत आडवे. गुडघे माझे आधीच दुखरे. दोनतीनदा प्रयत्न केला. शेवटी ह्यांना उठवले. त्यांनी हात धरून ओढले तर तेच घसरले. सगळा तंबू हलला. शेजारच्या तंबूतल्या मुली विजेरी घेऊन आल्या, "काय झालं काकू?" म्हणून. मुली चांगल्या होत्या, त्यांनी हात दिला. पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी मी काय केले असेल? दुपारी चारनंतर पाण्याचा थेंब घेतला नाही. चहासुद्धा नको म्हटले. रात्रभर उठायला लागू नये म्हणून. रात्र कशीबशी काढली. डोके दुखायला लागले. घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू झाली आणि डॉक्टरीणबाईंकडे जावे लागले. त्यांनी विचारले, "पाणी का प्यायला नाहीत?" आता काय सांगू? अंथरुणावरून उठता येत नव्हते म्हणून पाणी प्याले नाही, असे सांगायचे? पण सांगितले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी पाणी बदलू नका, अंथरूण बदला."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसले. आपण लहानपणापासून ऐकत आलो की अंथरूण पाहून पाय पसरावे. पैशाच्या बाबतीत ते खरेच आहे. पण झोपण्याच्या बाबतीत उलटे आहे. तिथे अंग पाहून अंथरूण घ्यावे. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण शिंप्याला खरी मापे देतो. लाजून दोन इंच कमी सांगितले तर ब्लाऊज कुणाला घट्ट होणार? आपल्यालाच. मग अंथरुणाचे माप सांगायला लाज का?

तेव्हा मी शिवणाची फीत काढली आणि मापे घ्यायला लागले. ती कशी घ्यायची ते सांगते.

पहिले माप आपल्या अंगाचे. घरी फरशीवर उताणे पडावे, हात सैल सोडून अंगालगत ठेवावेत आणि मुलीला किंवा सुनेला सांगावे की दोन्ही कोपरांच्या बाहेर खडूने खूण कर. माझे अंतर ६६ सेंटीमीटर भरले, ह्यांचे ७१. त्यात निदान एक तळहात रुंदी वाढवायची, म्हणजे हात अंथरुणाबाहेर लोंबत नाही. बाजारात पुष्कळशा तंबूच्या गाद्या पन्नाससाठ सेंटीमीटर रुंदीच्या असतात. त्या पाठीवर पिशवी घेऊन डोंगर चढणाऱ्या सडपातळ मुलांसाठी. त्यावर माझे निम्मे अंग जमिनीवर राहील. आपल्याला पाऊणशे सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद पाहायचे. "मोठ्या मापाचे आहे का?" असे दुकानात स्पष्ट विचारावे. मिळते.

दुसरे माप तंबूचे. तंबूवर 'तिघांचा' असे लिहिलेले असते तेव्हा ती तीन सडपातळ माणसे खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून झोपलेली असतात असे धरावे. आमचा तिघांचा तंबू २१० सेंटीमीटर लांब आणि १८० रुंद. मधली उंची १३०. आमच्यासारखी दोन माणसे म्हणजे तो भरला. दोघांच्या तंबूत आम्ही दोघे मावणारच नाही. तेव्हा जाड माणसांनी लिहिलेल्या आकड्यातून एक माणूस वजा करावा.

शिवाय तळाची रुंदी पूर्ण कामाला येत नाही, कारण घुमटी तंबूच्या भिंती आत कललेल्या असतात. जमिनीवर १८० भरले, पण चाळीस सेंटीमीटर उंचीवर फीत धरली तर दीडशेच्या आतच जागा उरली. तिथे उंच खाट ठेवली तर झोपलेल्याचा खांदा कापडाला टेकतो. आपल्या श्वासाची वाफ रात्री आतल्या कापडावर धरते, आणि टेकलेले पांघरूण सकाळी ओले होते. म्हणून मी एक युक्ती केली. गच्चीवर खडूने तंबूचा चौकोन आखला आणि त्यात घरच्या गाद्या टाकून आम्ही दोघे झोपून पाहिले. शेजारच्या गच्चीवरून लोक पाहत होते. पाहू देत! पाच मिनिटांत कळले की काय मावते आणि काय मावत नाही.

आता अंथरुणाचे प्रकार सांगते. मी चारही प्रकार कुणाचे ना कुणाचे मागून आणून घरी एकेक रात्र झोपून पाहिले.

पहिला, साधी गुंडाळी करायची फोमची चटई. स्वस्त, फाटत नाही, ओली होत नाही, हवा जायची भीती नाही. पण बोटभर जाडीची असते. आपल्यासारख्यांनी कुशीवर झोपायचे म्हटले की सगळे वजन खांद्यावर आणि कुल्ल्यावर येते, तिथे ती चटई पुरी चेपते आणि हाडाला जमीन लागते. एकटी ती उपयोगाची नाही. पण दुसऱ्या अंथरुणाखाली घालायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही, कारण ती जमिनीची थंडी अडवते.

दुसरा, हवेची गादी. तिचे सांगून झाले. ज्यांना तीच घ्यायची असेल त्यांनी दोघांत एक जोडगादी कधीही घेऊ नये, दोन सुट्या घ्याव्यात. म्हणजे एकाच्या हालण्याने दुसरा उडणार नाही. झोपण्यापूर्वी, गार पडल्यावर पुन्हा एकदा हवा भरावी. आणि तिच्यावर रग किंवा गोधडी अंथरल्याशिवाय झोपू नये. नुसत्या हवेच्या गादीत आतली हवा खेळती राहते आणि आपल्या पाठीची ऊब जमिनीकडे नेते.

तिसरा, फोम आणि हवा दोन्ही असलेली गादी. हिच्या आत फोम असतो आणि तोटी उघडली की फोम फुगताना हवा आपोआप आत ओढतो. मग थोडी हवा वरून भरायची. तोंडाने भरू नये, लहान पंपाने भरावी, कारण श्वासातला दमटपणा आत राहून बुरशी धरते. ह्या गादीवर हवेच्या गादीसारखे डोलायला होत नाही आणि खालून गारही लागत नाही. जाड माणसाने आठदहा सेंटीमीटर जाडीची घ्यावी. पारख करायची ती अशी: गादीवर कुशीवर पडावे आणि दुसऱ्या कुणाला कुल्ल्याखाली गादीच्या तळाशी हात घालायला सांगावे. हाड हाताला लागले तर ती गादी आपल्यासाठी नाही.

ह्या गाद्यांवर हल्ली इंग्रजी 'आर' अक्षर आणि पुढे एक आकडा छापलेला असतो. तो थंडी अडवण्याचा आकडा. जितका मोठा तितकी गादी उबदार. आपल्याकडच्या हिवाळ्याला तीनच्या आसपास असला की भागते. दोन थर एकावर एक घातले की दोहोंच्या आकड्यांची बेरीज धरायची. जाड माणसांना थंडी वाजत नाही असे लोक म्हणतात, पण पाठीखालची गोष्ट वेगळी आहे. पिशवीसारख्या पांघरुणात शिरून झोपले तरी त्यातला कापूस आपल्या वजनाने खाली चेपून जातो आणि चेपलेला कापूस ऊब धरत नाही. वजन जास्त तेवढा तो जास्त चेपणार. म्हणून पाठीची ऊब ही गादीतूनच यायला हवी.

चौथा प्रकार, घडीची खाट. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि वर ताणलेले जाड कापड. आपल्या लहानपणी अंगणात नवारीची खाट असे, तिचीच ही बहीण समजा. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना जमिनीवरून उठता येत नाही, त्यांनी दुसरा विचारच करू नये. पण खाट घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

एक, तिच्यावर किती किलोपर्यंत चालते ते लिहिलेले असते. तो आकडा शांत पडलेल्या, सगळीकडे सारख्या पसरलेल्या वजनाचा समजावा. आपण मात्र कडेवर बसतो, धपकन टेकतो, उठताना एका जागी भार देतो. म्हणून आपल्या वजनाहून तीसचाळीस किलो जास्त आकडा असलेली घ्यावी. मी ९१ किलोची, मी १३० किलोची खाट घेतली. शंभर किलोची दोनशे रुपयांनी स्वस्त होती, पण तो मोह धरला नाही.

दोन, कापड ताठ हवे. झोळीसारखे झोल पडणारे असेल तर कंबर खाली जाते आणि सकाळी पाठ धरते. शिवाय कापडाखालून जाणारी आडवी नळी पाठीला लागते का, हे झोपूनच पाहावे, हाताने दाबून कळत नाही.

तीन, खाटेखालून वारा खेळतो. उन्हाळ्यात ते सुखाचे, हिवाळ्यात मात्र पाठ गारठते. खाटेवर फोमची चटई आणि तिच्यावर गोधडी, असे दोन थर हवेतच. माझ्या सासूबाईंची जुन्या लुगड्यांची गोधडी आहे. बाजारातली कुठलीही वस्तू त्या गोधडीची बरोबरी करणार नाही.

चार, खाटेचे पाय. अणकुचीदार पायांनी तंबूची जमीन फाटते. मी प्रत्येक पायाखाली जुन्या चपलांच्या तळाचे तुकडे कापून ठेवले. फुकटात काम झाले.

आता खरा पेच. गुडघ्यासाठी खाट जितकी उंच तितकी बरी, पण लहान तंबूला ती जितकी ठेंगणी तितकी बरी. मग करायचे काय? आमच्या ह्यांनी आणि मी खडूच्या चौकोनात बसून यावर तोड काढली. तंबूची उंची मध्ये जास्त आणि कडेला कमी. तर उंच अंथरूण मधल्या बाजूला आणि ठेंगणे अंथरूण भिंतीच्या उताराकडे. माझे गुडघे दुखतात म्हणून खाट मला. ती चाळीस सेंटीमीटरची न घेता तीसची, म्हणजे फूटभर उंचीची घेतली. तिच्यावर उठून बसले तरी डोके छताला लागत नाही. ह्यांचे गुडघे धड आहेत म्हणून त्यांना फोम आणि हवेची जाड, रुंद गादी जमिनीवर, भिंतीच्या बाजूने. माझी खाट ७५ सेंटीमीटर, त्यांची गादी ८०. उरलेल्या जागेत चपला, पाण्याची बाटली आणि विजेरी. कपड्यांची पिशवी गाडीतच ठेवायची. तंबूत सामान आणले की माणसाची जागा जाते.

आणि खाटेचा पायाकडचा भाग दाराशी. रात्री ज्याला उठावे लागते त्याने दाराजवळ असावे, म्हणजे दुसऱ्याला ओलांडून जावे लागत नाही.

असे सगळे जुळवून २०२४ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. त्याच तलावाकाठी, त्याच तंबूत. तंबू उभारण्याआधी मी जमिनीवर स्वतः आडवी होऊन पाहिली. खडे वेचले. थोडा उतार होता, तो डोक्याकडे उंच आणि पायाकडे सखल राहील असा तंबू लावला. संध्याकाळी भाच्याच्या मित्रांनी पिठले-भाकरी केली. पोटभर जेवले आणि तांब्याभर पाणी प्याले.

त्या रात्री दोनदा उठले. उठण्याची रीत डॉक्टरीणबाईंनी शिकवली होती. एकदम उताणे उठायचे नाही. आधी कुशीवर वळायचे, पाय खाटेखाली सोडायचे, मग हाताने रेटा देऊन बसायचे. क्षणभर बसून राहायचे. खाटेच्या कडेच्या मध्यावर नव्हे, पायाजवळ बसायचे, म्हणजे नळी वाकत नाही. मग समोर ठेवलेल्या लहान स्टुलावर हात टेकून उभे. फूटभर उंचीवरूनही हाताला टेकू लागतोच, म्हणून ते स्टूल विसरू नये. ह्यांना जागही आली नाही. सकाळी त्यांनीच विचारले, "अगं, तू रात्री उठलीच नाहीस?" मी म्हटले, "दोनदा जाऊन आले. चांदणे फार सुंदर पडले होते."

भगिनींनो, हे सांगताना मला आजही बरे वाटते. मागल्या खेपेला त्याच वेळी मी अंधारात पडून सकाळ कधी होते याची वाट पाहत होते. या खेपेला मी तंबूबाहेर शाल पांघरून दहा मिनिटे उभी राहिले आणि पाण्याकडे पाहिले. आकाश तेच, तलाव तोच, माझे वजनही तेच. बदलले ते फक्त अंथरूण.

एक इशारा देते, कारण थंडीत हा मोह होतो. ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी कुणीही तंबूत नेऊ नये, विझत आलेलीसुद्धा. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. थंडी वाजली तर पाठीखाली आणखी एक थर घाला, पायांत मोजे घाला, कानाला रुमाल बांधा.

कुणी म्हणेल, एवढे लाड कशाला? आपल्या पंढरीच्या वारीत बायाबापड्या राहुटीत ताडपत्रीवर घोंगडी टाकून झोपतात. झोपतात, त्यांना माझा नमस्कार आहे. माझ्या सासूबाईही वारी करत. पण त्याच सांगत की शेवटच्या दोन वाऱ्यांत त्यांना दिंडीतल्या बायका दोन्ही हात धरून उठवत. त्या बायकांनी कधी तोंड वाकडे केले नाही आणि सासूबाईंनीही कधी लाज मानली नाही. जिला जे लागते ते तिला द्यायचे, ही रीत वारीतलीच आहे. ती आपल्या सहलीत आणायला काय हरकत आहे?

म्हणून मी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली अशी की, सहलीच्या यादीत नावापुढे प्रत्येकीने एवढेच लिहावे: 'खाट हवी' किंवा 'गादी चालेल'. वजन लिहायचे नाही, कारण द्यायचे नाही, कुणी विचारायचेही नाही. आणि जिथे 'खाट हवी' असेल तिथे त्या तंबूत तिघींऐवजी दोघीच घालाव्यात.

दुसरी सूचना अशी की, मंडळाच्या शिलकीतून चार मजबूत घडीच्या खाटा घ्याव्यात. खर्च वाया जाणार नाही. सहल वर्षातून एकदा, पण खाटा वर्षभर उपयोगी पडतील. कुणाच्या घरी लग्नाचे पाहुणे येतात, कुणी बाळंतिणीच्या सोबतीला राहते, कुणाच्या पायाला प्लास्टर असते. नाममात्र भाड्याने द्याव्यात आणि ते पैसे मंडळातच जमा करावेत. विकत घेण्यापूर्वी त्यांच्यावर बसून पाहायला मी स्वतः दुकानात येईन. माझ्याखाली जी खाट करकरली नाही ती आपल्या कुणाहीखाली करकरणार नाही, याची मी खात्री देते!

आणि ज्या चौघींनी नावे काढून घेतली, त्यांना एकच सांगते. येत्या रविवारी दुपारी चारला आमच्या गच्चीवर या. खडू माझ्याकडे आहे, फीत माझ्याकडे आहे, खाटही माझ्याकडे आहे. झोपून पाहा, उठून पाहा, मग चहा पिऊ. त्यानंतरही यायचे नसेल तर नका येऊ. पण आपल्या अंगामुळे आपण घरी राहायचे, असे मनात धरून राहू नका.